तळव्यांचे फोड आणि जपानचे दोन कारागीर

मॅरेथॉन शर्यतीच्या इतिहासावर आजवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात विजेत्यांची नावे, त्यांना लागलेला वेळ, त्या दिवसाची हवा आणि रस्त्याचे चढउतार यांचा तपशीलवार मजकूर सापडतो. परंतु ज्या तळव्यांनी ते बेचाळीस किलोमीटरांचे अंतर कापले, त्यांची कैफियत बहुधा कोणी दप्तरी दाखल करून घेतलेली नसते. वस्तुतः पायाला आलेल्या फोडांनी कित्येक धावपटूंना शर्यत अर्ध्यावर सोडावयास लावले आहे. परंतु हे कारण इतके क्षुल्लक दिसते की त्याच्या निवारणाचा विचार फार उशिरा सुरू झाला. सैन्यात, डाकेत, यात्रेत, जिथे जिथे माणसाला केवळ स्वतःच्या पायांच्या भरवशावर लांबचा पल्ला गाठावा लागला, तिथे तिथे फोड निमूटपणे सोसावयाचे अशीच रीत पडून गेली होती. ही रीत मोडण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत जपानमधील दोन माणसांची गणना मी सर्वांत आधी करतो. त्यांपैकी एक टोकियोत ताबी शिवणारा होता आणि दुसरा कोबे शहरात जोडे करणारा.

त्यांच्या कामगिरीकडे वळण्यापूर्वी फोड येतो कसा हे थोडे पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नावरच पुढे बरेच काही अवलंबून होते. पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा तळव्याची वरची त्वचा मोज्याला आणि जोड्याला धरून राहते. आतील हाड मात्र शरीराच्या भाराने पुढे सरकते आणि पाऊल उचलताना पुन्हा मागे येते. ही ओढाताण हजारो वेळा झाली म्हणजे बाह्यत्वचेच्या मधल्या थरातील पेशी फाटतात, तेथे पोकळी निर्माण होते आणि सुमारे दोन तासांच्या आत ती रक्तरसाशी साम्य असलेल्या स्वच्छ द्रवाने भरून निघते. अंगावरची पातळ त्वचा अशा घर्षणाने नुसती खरचटते. तळवा, टाच आणि तळहात येथील कातडी जाड असल्यामुळे तिचे छत शाबूत राहते आणि त्याखाली पाणी साठते. १९५५ साली नेलर या ब्रिटिश संशोधकाने घर्षणाचे जे प्रयोग केले, त्यांत त्वचा अगदी कोरडी किंवा अगदी ओली असताना घर्षण कमी, आणि दमट असताना ते सर्वाधिक, असे दिसून आले. घामेजलेला पाय नेमका या दमट अवस्थेत असतो.

फोडाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी १९२४ सालची एक घटना अवश्य ध्यानात घ्यावी. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा जूनच्या अखेरीस व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला, विष रक्तात भिनले, आणि उत्तमोत्तम वैद्यांचा इलाज चालू असताना ७ जुलै रोजी त्या मुलाचे प्राण गेले. पेनिसिलिनचा शोध लागावयास अजून चार वर्षे अवकाश होता.

आता जपानकडे वळू. १९११ च्या नोव्हेंबरात टोकियोजवळ हानेदा येथे, पुढील वर्षीच्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी धावपटू निवडण्याकरिता पंचवीस मैलांची शर्यत ठेवण्यात आली. ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांच्या देखरेखीखालील उच्च अध्यापन विद्यालयात शिकणारा, कुमामोतो प्रांतातून आलेला वीस वर्षांचा शिझो कानाकुरी या शर्यतीत पहिला आला. त्याच्या पायांत ताबी होती. ताबी म्हणजे जाड सुती कापडाचा पायमोजा, ज्यात अंगठा निराळा आणि उरलेली चार बोटे निराळी राहतात, आणि जो टाचेच्या मागे धातूच्या लहान चपट्या आकड्यांनी बंद करतात. गवताच्या वहाणेचा पट्टा अंगठ्याच्या खोबणीत अडकावा म्हणून ही रचना झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जपानी पायांच्या अंगवळणी पडली. मात्र पंचवीस मैल धावण्यासाठी ती कोणी शिवलेली नव्हती. कानाकुरीच्या ताबीने वाटेतच दम सोडला आणि शेवटचा पल्ला त्याला अनवाणी काढावा लागला.

ही ताबी ज्या दुकानातली होती, ते टोकियोच्या ओत्सुका भागातील हारिमाया नावाचे दुकान कुरोसाका शिन्साकु या कारागिराचे होते. आपल्या मालाची झालेली वाताहत ऐकून दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पायाला दोष दिला असता तर तो व्यवहार तिथेच संपला असता. कुरोसाकाने तसे केले नाही. त्याने तळ मजबूत करून नव्या जोड्या शिवून दिल्या आणि त्या घेऊन कानाकुरी स्टॉकहोमला गेला. तेथील १४ जुलै १९१२ ची शर्यत तिच्या भीषण उन्हामुळे सर्वश्रुत आहे: निम्मे स्पर्धक मध्येच गळाले, पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मरण पावला आणि कानाकुरीही सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास कोसळला. पराभवाची मीमांसा करताना त्याने उन्हाबरोबर आणखी एक गोष्ट नमूद केली, ती ही की जपानच्या मातीच्या वाटांवर सुखाने धावणारी ताबी युरोपच्या कठीण रस्त्यांवर पायाला व गुडघ्यांना जाच करते. कापडाचा तळ धक्का शोषून घेत नाही.

यानंतरची सात वर्षे हे दोघे एकच काम करीत राहिले, आणि माझ्या मते या कथेतला अत्यंत मोलाचा भाग तो हाच होय. धावपटूने धावावे, कुठे शिवण रुतली, कुठे कापड सरकले, कोणत्या बोटाशी फोड आला ते येऊन सांगावे, आणि ताबीवाल्याने उसवून पुन्हा शिवावे. कापडाच्या तळाच्या जागी रबराचा तळ आला. टाचेमागचे धातूचे आकडे, जे लांबच्या पल्ल्यात कातडीला रुतत, ते काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी पावलाच्या वरच्या बाजूस दोरी आली. हा वरवर साधा दिसणारा फेरफार सर्वांत शहाणपणाचा होता, असे फोडाचे शास्त्र आज आपल्याला सांगते; कारण दोरी आवळून पाऊल पायताणात घट्ट बसले की टाचेचे सरकणे थांबते, आणि सरकणे थांबले की घर्षणाचे मूळच छाटले जाते. १९१९ साली ‘कानाकुरी ताबी’ या नावाने ही वस्तू बाजारात आली. त्याच वर्षी कानाकुरी एका सहकाऱ्यासह शिमोनोसेकीपासून टोकियोपर्यंतचे सुमारे १,२०० किलोमीटरांचे अंतर २० दिवसांत धावत गेला. नव्या ताबीची याहून कडक परीक्षा कोणती असणार?

पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९२० रोजी, बेल्जममधील अँटवर्प येथे पावसाळी हवेत ऑलिंपिक मॅरेथॉन झाली आणि तिथे या कथेचा धागा अकस्मात आपल्या मुलखाशी जुळतो. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झालेल्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुले टणक रस्त्यावरून अनवाणी धावताना दोराबजी टाटा यांनी पाहिली आणि त्यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचे खेळाडू प्रथमच एक संघ म्हणून ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पला कानाकुरी सोळावा आला आणि चौगुले एकोणिसावे. चार जपानी स्पर्धकांपैकी तिघे चौगुल्यांच्या मागे राहिले. म्हणजे पावलांचा कणखरपणा, दम आणि जिद्द या बाबतींत आपला माणूस तसूभरही उणा नव्हता. उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. कानाकुरीच्या पाठीशी एक कुरोसाका होता. चर्मकारांच्या कसबात कोणालाही हार न जाणारा आपला दख्खन मात्र आपल्या धावपटूला असा सहकारी देऊ शकला नाही, याची मला खंत वाटते.

ताबीचे पुढील यश थोडक्यात सांगतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सोन की-चुंग या कोरियन धावपटूने, आपला देश जपानच्या अमलाखाली असल्यामुळे जपानी नावाने धावावे लागत असताना, हीच ताबी घालून २ तास २९ मिनिटांत सुवर्णपदक मिळविले. आणि १९५१ साली हिरोशिमा प्रांतातील एकोणीस वर्षांच्या शिगेकी तानाका याने बोस्टनची मॅरेथॉन जिंकली, तेव्हाही त्याच्या पायांत दुभागलेल्या बोटांचेच पायताण होते.

तथापि ताबीने फोडांचा बंदोबस्त पुरता केला नव्हता. तो विडा उचलला किहाचिरो ओनित्सुका यांनी. युद्धोत्तर काळातील उद्ध्वस्त तरुणांना खेळाच्या आधाराने उभे करावे या हेतूने त्यांनी १९४९ साली कोबे येथे जोड्यांचा कारखाना काढला होता. धावपटूंच्या घोळक्यात मिसळून ते त्यांचे तळवे न्याहाळीत असत. तोरु तेरासावा या उमद्या धावपटूशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की धावणाऱ्यांनी फोड हे अपरिहार्य मानले आहेत. ते सोसणे हाच त्यांच्या लेखी सरावाचा एक भाग होता. ओनित्सुकांना हे पटेना. त्यांनी ओसाका विद्यापीठातील एका वैद्यक-अध्यापकाला गाठले. त्या अध्यापकाने खुलासा केला की पाऊल वारंवार आपटल्याने जोड्याच्या आत उष्णता साचते, आणि फोड हा एक प्रकारे भाजल्याचाच फोड होय.

झाले, उष्णता घालवावयाची कशी या एकाच विचाराने त्यांना पछाडले. एका टॅक्सीचे इंजिन तापून पाणी घालावे लागले, ते पाहून त्यांनी जोड्याच्या आत पाणी ठेवून पाहिले. पाय ओलाचिंब होऊन जड झाला आणि ती तजवीज सोडून द्यावी लागली. मग मोटारसायकलच्या इंजिनाकडे लक्ष गेले, जे पाण्याविना केवळ वाऱ्यावर निवते. त्यावरून त्यांनी जोड्याचा वरचा भाग विरळ विणीच्या जाळीदार कापडाचा केला, पुढे आणि बाजूंना छिद्रे ठेवली आणि अशी योजना केली की पाऊल टेकताच आतील गरम हवा बाहेर ढकलली जावी व पाऊल उचलताच ताजी हवा आत यावी. १९६० च्या सुमारास हा जोडा ‘मॅजिक रनर’ या नावाने विक्रीस आला.

वैद्यकाचे आजचे मत असे की घर्षणाचा फोड भाजल्याने येत नाही, त्वचेच्या आतील ओढाताणीने येतो. उष्णतेमुळे तो लवकर येतो आणि घामामुळे घर्षण वाढते. म्हणजे ज्या कारणावरून ओनित्सुका निघाले ते अर्धेच खरे होते, आणि तरीही त्यांचा उपाय लागू पडला, कारण वाऱ्याने उष्णतेबरोबर घामही हटविला.

सप्टेंबर १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला, नवे जोडे पायाला चावतात म्हणून ते बाजूस सारून, अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकला. पुढील वर्षी तो ओसाकाच्या शर्यतीसाठी आला, तेव्हा ओनित्सुका त्याला जाऊन भेटले, जपानच्या रस्त्यांवर काचा असतात असे त्यांनी त्याची मनधरणी करताना सांगितले, आणि त्यांचे जोडे घालून बिकिला ती शर्यत जिंकला. रोमच्या त्या वेळेवर मात केली ती १९६३ च्या फेब्रुवारीत बेप्पू येथे तेरासावा यानेच, सेकंदाच्या अवघ्या चार दशांशांनी.

उपचारांचा इतिहास असा सरळ नाही. पूर्वीचे सैनिक मोज्याला आतून साबण किंवा चरबी चोळीत. फोड आलाच तर सुईने दोरा आरपार ओवून तो आत तसाच ठेवीत, म्हणजे पाणी झिरपून जाई. दोरा आत ठेवणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे, हे आता आपण जाणतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जी पद्धतशीर पाहणी झाली, तिच्यात असे आढळले की फोडाचे छत तसेच ठेवून पहिल्या चोवीस तासांत तीन वेळा पाणी काढल्यास ते छत खालच्या त्वचेला बहुधा पुन्हा चिकटते. छत शाबूत असले की सुमारे पाच दिवसांत त्याखाली नवा शृंगस्तर, म्हणजे बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर, तयार होतो. मोज्यांच्या बाबतीत १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासात सुती मोज्यांपेक्षा ॲक्रिलिक मोज्यांत फोड कमी आणि लहान आले. सूत घाम धरून ठेवते. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, वाळवंटातून अनेक दिवस धावणाऱ्यांच्या एका पाहणीत, औषधांच्या दुकानात अल्प किमतीला मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी आधीच लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

आज मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये, साताऱ्याच्या घाटातल्या अर्धमॅरेथॉनमध्ये आणि आषाढीच्या वाटेवर लाखो पावले चालत-धावत असतात. त्या सर्वांना माझी विनंती आहे की नवा जोडा शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नये, जिथे कातडी हुळहुळू लागेल तिथे थांबून लगेच पट्टी लावावी, फोडाचे छत सोलू नये, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी घरी सुई न लावता थेट डॉक्टरांकडे जावे. शर्यती भरविणाऱ्या संस्थांकडेही एक मागणे आहे. अंतिम रेषेपाशी वैद्यांचा तंबू असतो, त्याच्या शेजारी कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या एखाद्या जोडे करणाऱ्या कसबी कारागिराला मानाने बसवावे, आणि परतलेल्या धावपटूंचे तळवे त्याला पाहू द्यावेत.