नोंदवाचनाचा लूप (बेसिक)

डेटाबेसमधल्या नोंदी एकेक करून शेवटपर्यंत वाचण्यासाठी बेसिक कुळातल्या भाषांमध्ये लिहिला जाणारा लूप. नोंदी किती निघतील हे आधी ठाऊक नसते, म्हणून येथे मोजून फिरणाऱ्या ‘फॉर–नेक्स्ट’पेक्षा ‘डू अनटिल–लूप’ किंवा ‘व्हाइल–वेंड’ योग्य. नोंदी संपल्या की ‘ईओएफ’ (एंड ऑफ फाइल) हा गुणधर्म खरा होतो.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये फाइल वाचताना ‘इनपुट’ आज्ञेसरशी वाचनाची जागा आपसूक पुढे सरके. व्हिज्युअल बेसिकची तिसरी आवृत्ती १९९३ मध्ये जेट हे डेटाबेस-इंजिन घेऊन आली. पुढे रूढ झालेल्या रेकॉर्डसेटमध्ये (निघालेल्या नोंदींचा संच; खाली ‘आरएस’) मात्र नोंद वाचणे आणि पुढच्या नोंदीवर जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम प्रोग्रॅमरने स्वतः सांगावे लागते:

डू अनटिल आरएस.ईओएफ
(चालू नोंदीवरचे काम)
आरएस.मूव्हनेक्स्ट
लूप

‘मूव्हनेक्स्ट’ राहून गेले तर पहिलीच नोंद पुन्हापुन्हा वाचली जाते आणि प्रोग्रॅम अडकतो. ही चूक लगेच दिसते. त्याहून घातक चूक म्हणजे ती ओळ ‘इफ’च्या आत लिहिणे: चाचणीच्या नोंदी अट पाळत असतील तर सारे सुरळीत चालते, आणि अट न पाळणारी पहिली नोंद आली की लूप तिथेच गोठतो. म्हणून ही ओळ प्रत्येक अटीच्या बाहेर, ‘लूप’च्या लगेच वरच असावी.

ईओएफची तपासणी लूपच्या माथ्यावर हवी. ती तळाशी ठेवल्यास रिकाम्या रेकॉर्डसेटवरही काम एकदा सुरू होते आणि नसलेली नोंद वाचू पाहताच ३०२१ क्रमांकाची त्रुटी येते.

‘रेकॉर्डकाउंट’ हा नोंदींचा आकडा घेऊन ‘फॉर’ लूप चालवण्याचा मोह टाळावा. डीएओ या डेटा-लायब्ररीच्या डायनासेट प्रकारच्या रेकॉर्डसेटमध्ये हा आकडा तोवर गाठलेल्या नोंदींचाच असतो. एडीओ या दुसऱ्या डेटा-लायब्ररीच्या फक्त पुढे जाणाऱ्या कर्सरवर तो उणे एक येतो.

व्हिज्युअल बेसिक डॉटनेटमधील डेटारीडरने सरकणे आणि तपासणे ‘रीड’ या एकाच पद्धतीत आणले. त्यामुळे ‘मूव्हनेक्स्ट’ विसरण्याचा प्रश्न उरला नाही. मात्र डेटारीडर सुरुवातीला पहिल्या नोंदीच्याही अलीकडे उभा असतो. नोंदी आहेत का हे पाहायला आधी एकदा ‘रीड’ बोलावून मग ‘व्हाइल’मध्ये तेच लिहिले, तर पहिली नोंद कोणत्याही त्रुटीविना गळते. त्या तपासणीसाठी ‘हॅजरोज’ वापरावे.