१४ जून : रूथ बेल ग्रॅहम स्मृतिदिन

ख्यातनाम अमेरिकी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या पत्नी रूथ बेल ग्रॅहम यांचे आजच्या दिवशी २००७ साली वयाच्या ८७व्या वर्षी निधन झाले. जन्म १० जून १९२० चा, चीनमधला. वडील तिथे मिशनरी डॉक्टर होते. तिबेटात जाऊन धर्मकार्य करायचे हा रूथ यांचा तरुणपणीचा ध्यास. १९४३ मध्ये बिलींशी लग्न झाले आणि तिबेट राहिले ते कायमचेच. पती महिनोन्‌महिने दौऱ्यावर असत, पाच मुलांना वाढवले ते रूथ यांनीच. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात जुन्या लाकडी खोपटांचे ओंडके जमवून त्यांनी घर उभारले. कवितेची पुस्तकेही लिहिली. नुसती पतीची सावली म्हणावी, तर बाई तशा नव्हत्या: बिली बाप्टिस्ट, पण या अखेरपर्यंत प्रेस्बिटेरियनच राहिल्या! विनोदबुद्धीही खास. रस्त्याकडेला पाहिलेली ‘काम संपले, धीर धरल्याबद्दल आभार’ अशा अर्थाची पाटी त्यांनी स्वतःच्या थडग्यासाठी निवडली. शार्लट येथे ती कोरलेली आहे. त्यांची साधी प्लायवूडची शवपेटी लुइझियानातील अँगोला तुरुंगातल्या कैद्यांनी बनवली होती. २०१८ मध्ये बिली गेले, त्यांची पेटीही तिथलीच.