आवाज नेमका कुठे सांडतो?

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित करत होते. गाणं संपलं की गौहर जान आपलं नाव इंग्रजीतून सांगत. त्यामागे व्यवहार होता. मेणावर घेतलेलं हे मुद्रण बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तिथे तबकड्या छापल्या जात, आणि गाणारी व्यक्ती कोण हे तिथल्या कामगारांना कळायला ती खूण उपयोगी पडे. गळ्यापासून कानापर्यंत येताना आवाज किती हातांतून जातो, हे आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसांतच दिसतं. प्रत्येक हाताशी थोडंफार सांडतं. संगणकातली गाणी घरच्या रिसीव्हरवर उत्तम कशी वाजतील, असं आज कुणी विचारलं तर मला वाटतं, आधी सांडणं कुठे होतं ते पाहावं.

पहिलं सांडणं वेळेचं होतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. वन्स मोअर घेत रंगभूमीवर लांबत जाणारं नाट्यपद तेवढ्यात बसवावं लागे. १९२५च्या सुमारास विजेवरचं मुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात. तंबोऱ्याचा झणत्कार त्यात जवळजवळ पोचतच नसे. शिवाय सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग सगळीकडे सारखा नव्हता. चुकीच्या वेगाने तबकडी वाजवली की काळी दोनचा गायक काळी तीनमध्ये गाऊ लागतो.

दुसरं सांडणं रेडिओचं. नागपूर आकाशवाणी १९४८मध्ये सुरू झाली. १९५५च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आठवड्याला एक या गतीने उलगडू लागलं, ते छप्पन्न गीतांनी पूर्ण झालं. पण मध्यम लहरींवरून सेकंदाला साधारण पाच हजार कंपनांच्या वरचं फारसं काही घरी येत नाही. बासरीची फुंकर, टाळांची किणकिण, 'स' आणि 'श' यांची धार वाटेतच बोथट होते. तरीही श्रोत्यांनी डोळे पुसले. सांडलेलं भरून काढायची कानाची शक्ती मोठी असते, हे विसरून या विषयाचा विचार करता येणार नाही.

१९६३मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. गुणवत्तेच्या हिशेबात ही पिछेहाटच होती. पण कॅसेटने एक गोष्ट अशी केली जी तबकडीला आणि रेडिओला जमली नव्हती: मुद्रण करण्याचा अधिकार गावाच्या हाती दिला.

हे मी ढाणकीत बसून लिहितो आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, उमरखेड तालुक्यातलं हे गाव. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. आमच्या घरी कपाटात एका पत्र्याच्या डब्यात चाळीसेक कॅसेट आहेत. त्यात सिनेमाची गाणी आहेत, पण ती जगात इतरत्रही आहेत. बाकीच्या कॅसेटमध्ये कार्तिकातला पहाटेचा काकडा आहे, भजनी मंडळाचे अभंग आहेत, एका आजोबांचा पखवाज आहे. हे कोणत्याही कंपनीने छापलेलं नाही. याची दुसरी प्रत नाही. त्यातले निम्मे आवाज आता या जगात नाहीत. चांगल्या आवाजाचा प्रश्न माझ्या दृष्टीने हौसेपलीकडे जातो तो इथे.

या कॅसेट संगणकात घेताना सर्वांत मोठा फरक पडतो तो संगणकात नव्हे, तर टेपच्या हेडशेजारच्या एका बारीक स्क्रूने. जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारे मिस्त्री तो पेचकसाने हळूच फिरवून आवाज 'उघडत'. कारण असं की, ज्या टेपवर मुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर वाजवणारं हेडही तितकंच तिरकं असावं लागतं. नाहीतर बारीक कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात आणि टाळ चादरीखाली वाजल्यासारखे वाटतात. प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्याने लावून घ्यावा लागतो.

त्यानंतर आकड्यांचं जग सुरू होतं. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीने आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे ठरवलं. माणसाचा कान वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो आणि नमुने त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, हे एक कारण. नेमका हाच आकडा का, तर तेव्हा आकड्यांतला आवाज साठवायला व्हिडिओ टेपची यंत्रं वापरत आणि त्यांच्या चित्ररेषांच्या हिशेबात तो बसत होता. संगणकाच्या ध्वनियंत्रणेने मात्र ४८,००० हा आकडा आपलासा केला. त्यामुळे अनेक संगणक सीडीचं गाणं वाजवताना प्रत्येक १४७ नमुन्यांचे १६० नमुने करून पुढे पाठवतात. हे रूपांतर हलक्या हाताने झालं नाही तर आवाजाला बारीक खर येते. गाण्याचा आणि संगणकाचा आकडा सेटिंगमध्ये जाऊन एकच करणं, हा त्यावरचा फुकटातला उपाय.

एमपीथ्रीचं सांडणं वेगळं. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते. १२८च्या एमपीथ्रीला एक. कानाला जाणवणार नाही असं गणित मांडून बाकीचं टाकून दिलेलं असतं. एकट्या गळ्याला हे गणित बरंच मानवतं. टाळांना मानवत नाही. त्यांचा कडक आघात विस्कटतो आणि मागे पाण्याखालची खळखळ उरते. काकड्याची कॅसेट अशी जतन केली तर काकड्याचा प्राणच गेला. म्हणून पहिली प्रत पूर्ण, न दाबलेली, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी. मोबाइलवर पाठवायला हवी तर तिच्यावरून लहान प्रत करावी.

यापुढे राहते ती रिसीव्हरपर्यंतची वाट. हेडफोनच्या भोकातून वायर काढून मागच्या 'ऑक्स'मध्ये खोचणं ही रूढ पद्धत. त्यात संगणकाच्या पोटातली कुरकुर आणि अर्थिंगचा घुमारा आत शिरतो. घुमारा ओळखायचा तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. तो थांबला तर दोष दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल तार वापरली तर ही वाटच बंद होते, कारण काच किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून वीज जात नाही. आकड्यांचा आवाज बनवण्याचं कामही मग रिसीव्हरमध्ये, एकदाच आणि एकाच ठिकाणी होतं. अशा वेळी संगणकाचा आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त रिसीव्हरवरच करावं. संगणकात आवाज दर सहा डेसिबलनी उतरवला की तपशिलाचा साधारण एक बिट हातचा जाऊ शकतो. 'हॉल', 'स्टेडियम' असली बटणं बंद ठेवावीत. आपला काकडा देवळातला आहे, स्टेडियमचा नाही.

या साऱ्या वाटेवर एक नियम कायम दिसतो. पुढचं यंत्र मागचं सांडलेलं परत देऊ शकत नाही. लाखाचा रिसीव्हर गौहर जानच्या कर्ण्यात न पोचलेला तंबोरा ऐकवणार नाही आणि तिरक्या हेडने गिळलेले टाळही ऐकवणार नाही. त्याचं काम आलेलं तसंच पोचवण्याचं. म्हणून पैसा आणि कष्ट खर्चायचे तर उगमाकडे आधी खर्चावेत. फितीवरचा चुंबकीय लेप दरवर्षी थोडा झडतो आहे, कॅसेट वाजवणारी चालू यंत्रं कमी होत आहेत आणि तो स्क्रू फिरवायला शिकलेले मिस्त्री म्हातारे होत आहेत. रिसीव्हर पुढच्या दिवाळीतही मिळेल. डब्यातल्या कॅसेट या दिवाळीत बाहेर काढायला हव्यात.