‘नाइस’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थेतिहास

शब्दाच्या शुद्ध प्रयोगाविषयी वाद निघाला म्हणजे वादी पक्ष बहुधा ‘मूळ अर्था’चा आधार घेतो. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा आणि नंतरचे सर्व अर्थ भ्रष्ट, अशी ही भूमिका असते. या भूमिकेची परीक्षा करण्यास इंग्रजीतील ‘नाइस’ या विशेषणाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. हे विशेषण आज शाळकरी मुलासही परिचित आहे. चांगले, छान, आवडण्याजोगे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. परंतु त्याच्या मागे सुमारे सातशे वर्षांचा जो इतिहास आहे, तो या अर्थाशी मुळीच जुळत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘नेस्किउस’ या विशेषणात आहे. निषेधवाचक ‘ने’ आणि ‘जाणणे’ या अर्थाचा धातू यांपासून तो सिद्ध झाला असून ‘न जाणणारा’, ‘अज्ञ’ हा त्याचा अर्थ होय. ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ हे शब्दही याच धातूपासून निघाले आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दास ‘मूर्ख, भोळसट’ असा अर्थ आला आणि तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळात तो त्याच अर्थाने इंग्रजीत उतरला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चॉसरच्या काव्यात तो वेडगळपणाचा वाचक म्हणून वारंवार आढळतो.

पुढील दोन-तीन शतकांत या शब्दाच्या अर्थाला अनेक फाटे फुटले. लाजाळू, नखरेल, चोखंदळ, नाजूक, क्षुल्लक, सूक्ष्म, काटेकोर असे परस्परांपासून दूरचे अर्थ एकाच काळी प्रचारात होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील एखाद्या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे ठरविणे कोशकारांनाही अनेकदा कठीण गेले आहे. अर्थांतराच्या प्रत्येक पायरीचा निश्चित पुरावा देता येत नसला, तरी दिशा समजण्यासारखी आहे. क्षुल्लक गोष्टींचा बाऊ करणारा तो मूर्ख. पण क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष पुरविणाराच चोखंदळ ठरतो आणि चोखंदळपणा अंगी बाणला म्हणजे त्यालाच सूक्ष्मदृष्टी म्हणतात. निंदेकडून स्तुतीकडे झालेला हा प्रवास असा टप्प्याटप्प्याने झाला असावा.

डॉ. जॉन्सन यांचा कोश 1755 साली प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाच्या अर्थांमध्ये काटेकोरपणा, नाजूकपणा आणि चोखंदळपणा यांनाच प्राधान्य आहे. केवळ ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः घरगुती पत्रव्यवहार आणि संभाषण यांतून रूढ झाला आणि थोड्याच काळात त्याने इतर अर्थांना मागे सारले.

या नव्या अर्थाविरुद्धची तक्रार जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत नोंदली गेली आहे. ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर 1817 च्या डिसेंबरात प्रकाशित झाली. बाथ शहरानजीकच्या बीचन टेकडीवर फिरायला गेले असता नायिका कॅथरिन एका लोकप्रिय कादंबरीस हे विशेषण लावते. तेव्हा हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो. त्याच्या मते हा शब्द मुळात नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा व अभिरुची यांसाठीच होता. आता मात्र तो कोणत्याही विषयावरील कोणत्याही प्रशंसेस पुरतो.

टिल्नीची ही थट्टा मार्मिक आहे, पण तिच्यातील ऐतिहासिक विधान चुकीचे आहे. त्याने ज्याला मूळ अर्थ मानले तो मूळ अर्थ नव्हेच. तो मधल्या काळातील एक थर होय. खरोखरच मुळाकडे जावयाचे, तर त्या कादंबरीस ‘मूर्ख’ म्हणावे लागले असते. शुद्धतेचा आग्रह धरणारा बहुधा आपल्या आजोबांच्या पिढीचा प्रयोग आदिम समजतो.

आपल्याकडील शास्त्रकारांनी हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. मीमांसकांनी योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तिलभ्य अर्थापेक्षा, रूढीला बलवत्तर मानले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे व त्याच्या प्रयोगाचे निमित्त वेगळे, असे स्पष्टपणे सांगितले. ‘गो’ हा शब्द गमनार्थक धातूपासून आला म्हणून निजलेल्या गाईस गाय म्हणणे गौण ठरेल काय, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

‘नाइस’शी विलक्षण साम्य असलेले उदाहरणही मराठी वाचकाच्या हाताशीच आहे. ‘मुह्’ या धातूपासून ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ अशी दोन्ही रूपे पाणिनीच्या विकल्पाने सिद्ध होतात. दोहोंचा मूळ अर्थ एकच, भांबावलेला, अजाण. पैकी ‘मूढ’ निंदेतच राहिला. ‘मुग्ध’ मात्र भोळेपणाकडून मोहकतेकडे गेला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयास असलेल्या बोपदेवाने तेराव्या शतकात आपल्या व्याकरणास ‘मुग्धबोध’ हे नाव दिले. तेथे ‘मुग्ध’ म्हणजे अजाण विद्यार्थी होय. आज मुग्ध सौंदर्याची वाखाणणी करणाऱ्यास कोणी अशुद्ध म्हणत नाही. आणि ‘मुग्धबोधा’तील ‘मुग्ध’चा अर्थ ‘मोहक’ असा कोणी केल्यास तो मात्र नक्कीच चुकेल.

याचा अर्थ वाटेल तो प्रयोग शुद्ध, असा नव्हे. फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या शब्दाच्या सैल वापराविषयी खेद व्यक्त केला. शब्दाचे स्वत्व जाऊन त्यात केवळ पुसट गोडवा उरला, हे त्यांचे दुःख होते. ही तक्रार टिकणारी आहे, कारण सर्वत्र लागू पडणारे विशेषण कशाचेच वर्णन करीत नाही. ‘सूक्ष्म’ हा जुना अर्थ कायद्याच्या व तत्त्वचर्चेच्या इंग्रजीत अद्याप जिवंत आहे. तेथे हे विशेषण भेदास लावले असता तो भेद ‘छान’ नसून ‘बारीक’ असतो.

खरा धोका जुन्या ग्रंथांच्या वाचनात आहे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाच्या पाचव्या अंकात, साथीच्या भयाने कोंडून ठेवल्यामुळे फ्रायर जॉन रोमिओकडे पत्र पोहोचवू शकत नाही. ते पत्र ‘नाइस’ नव्हते, असे फ्रायर लॉरेन्स उद्गारतो. आजच्या अर्थाने वाचल्यास पत्र चांगले नव्हते असे होईल. वस्तुतः पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून होते, असे त्यास म्हणावयाचे आहे. एका विशेषणाचा काळ चुकला की शोकान्तिकेचे वर्मच हरवते.

तेव्हा शुद्ध प्रयोगाची कसोटी धातूत नाही, तशी ती आजच्या बोलण्यातही सर्वस्वी नाही. लिहिताना आपल्या काळाची रूढी आणि वाचताना ग्रंथाच्या काळाची रूढी, ही दोन्ही पथ्ये सांभाळणाराच शब्दाशी प्रामाणिक राहतो.