पाताराची पुळण : वाळूने बुजवलेले आणि वाळूनेच राखलेले बंदर

#थ्रेड

१. भूमध्य समुद्राचा किनारा म्हटला की छत्र्यांच्या रांगा, हॉटेले आणि माणसांची दाटी डोळ्यांसमोर येते. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील पातारा याला अपवाद आहे. येथील पुळण दहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. प्रवेशाच्या टोकाला थोडीफार सोय आहे. तिथून अर्धा तास चालत गेले की ना सावली, ना गोडे पाणी, ना दुकान. असा सुंदर किनारा मोकळा कसा राहिला? या प्रश्नाचे उत्तर दोन हजार वर्षांच्या इतिहासात दडले आहे.

२. पुळणीकडे जाणारी वाटच ते उत्तर सांगू लागते. गेलेमिश गावातून समुद्राकडे जाताना प्रथम तीन कमानींची रोमन वेस लागते. ती इ.स. १०० च्या सुमाराची. पुढे स्नानगृहे, नाट्यगृह आणि या सर्वांच्या मध्ये बोरूने भरलेली एक दलदल. प्रवासी सहसा तिच्याकडे पाहतही नाहीत. पण ही दलदल म्हणजेच एकेकाळचे पातारा बंदर. येथे जहाजे नांगर टाकीत.

३. पातारा ज्या प्रदेशात होते, त्याचे नाव लिसिया. हा मुलूख डोंगराळ; सुपीक सपाटी मिळते ती मुख्यतः झॅन्थॉस नदीच्या खोऱ्यात. त्या खोऱ्याचे समुद्राकडील दार म्हणजे पातारा. अपोलोच्या देववाणीसाठीही हे नगर विख्यात होते. देव येथे वास्तव्यास असतो त्या काळात त्याच्या पुजारिणीला रात्री मंदिरात कोंडून ठेवतात, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. पुढे इजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीने नगराला आपल्या राणीचे, आर्सिनोएचे, नाव दिले. लोकांनी मात्र जुनेच नाव चालू ठेवले.

४. लिसियाची खरी कीर्ती तिच्या राज्यपद्धतीत आहे. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की, या संघात २३ नगरे होती. मोठ्या नगरांना तीन मते, मध्यम नगरांना दोन आणि लहान नगरांना एक. करांचा भारही त्याच प्रमाणात वाटलेला. म्हणजे ज्याचा अधिकार मोठा, त्याचे देणेही मोठे. तीन मतांच्या सहा नगरांत पातारा होते.

५. त्या संघाचे सभागृह आजही पातारात उभे आहे. अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्यांची ही वास्तू तुर्कस्तानच्या संसदेच्या साहाय्याने पुन्हा उभारण्यात आली. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये उत्तम संघराज्याचा नमुना म्हणून लिसियाचे नाव घेतले. १७८७ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेचे समर्थन करताना अलेक्झांडर हॅमिल्टनने त्याच मताचा आधार घेतला. ज्या जागेची आठवण एका नव्या राष्ट्राच्या जन्मकाळी निघाली, ती तेव्हा वाळूत पडून होती.

६. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने लिसिया रोमन साम्राज्यात विलीन केली. त्या काळचा एक स्तंभ १९९३ मध्ये पातारात सापडला. लिसियातील नगरांची नावे आणि त्यांच्यामधील रस्त्यांची अंतरे त्यावर ग्रीक भाषेत कोरलेली आहेत. दगडावर कोरलेले एका प्रांताचे अंतरपत्रकच ते! आज जिथे पाण्याचा नळ मिळत नाही, तिथे कधीकाळी इतकी चोख व्यवस्था होती.

७. सम्राट नीरोच्या कारकिर्दीत, इ.स. ६४-६५ च्या सुमारास, बंदराच्या मुखाशी दीपस्तंभ उभा राहिला. जगातील सर्वांत जुन्या ज्ञात दीपस्तंभांपैकी हा एक. समुद्रावरून जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तो बांधला, असे त्यावरील लेख सांगतो. त्या लेखाची अक्षरे सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझची होती.

८. याच काळात ख्रिस्ती धर्मप्रसारक पॉल पातारात जहाज बदलून फिनिशियाकडे निघाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकात हेड्रियनच्या राजवटीत बंदरालगत धान्याचे प्रचंड कोठार बांधले गेले. पुढे ज्याच्या कथांतून सांताक्लॉज घडला, त्या संत निकोलसचा जन्मही परंपरेनुसार येथलाच. कोठाराच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांच्यापुढे पाण्याऐवजी बोरू डोलतो.

९. मग घडले काय? एखाद्या शत्रूने पातारा एका रात्रीत नष्ट केले नाही. नदी डोंगरांतून गाळ आणीत राहिली. लाटांनी तो किनाऱ्यावर पसरला. वाऱ्याने कोरडी वाळू उचलून तिच्या टेकड्या रचल्या. बंदराचे तोंड हळूहळू अरुंद होत गेले. मोठे जहाज आत येईना, तेव्हा व्यापारी दुसरीकडे वळले; व्यापारामागून माणसेही गेली. ज्या नदीच्या खोऱ्याने बंदराला वैभव दिले, त्याच नदीच्या गाळाने ते बुजवले.

१०. ब्रिटिश नौदलाचा अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट १८११-१२ मध्ये या किनाऱ्याचे सर्वेक्षण करीत होता. वाऱ्याच्या वेगाची श्रेणी ज्याच्या नावाने ओळखली जाते, तोच हा बोफर्ट. पातारा बंदर वाळूने बुजून गेल्याचे त्याने नोंदवले. ज्या वाऱ्याला त्याने अंकांत बांधले, त्याच वाऱ्याने येथे एक नाट्यगृह वाळूत पुरले होते.

११. १९०६ मध्ये ओटोमन सरकारने येथे बिनतारी संदेशकेंद्र उभारले. समुद्रापलीकडील, आजच्या लिबियातील डेर्ना शहराशी त्याचा संपर्क असे. १९११ च्या इटली-तुर्कस्तान युद्धात ते उद्ध्वस्त झाले आणि पातारा पुन्हा निःशब्द झाले.

१२. १९८८ मध्ये फाहरी इशिक यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले आणि वाळूची दुसरी बाजू उघड झाली. पडलेल्या दीपस्तंभाचे दगड ढिगाऱ्यात जागच्या जागी झाकलेले होते. ओसाड गावाचे घडीव दगड लोक नव्या बांधकामांसाठी उचलून नेतात; येथे वाळूने पुष्कळसे दगड दृष्टीआड ठेवले. जिने शहर संपवले, तिनेच त्याची राखणही केली.

१३. माणसे गेली, तरी पुळण निर्मनुष्य असली म्हणून निर्जीव नव्हती. लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या उन्हाळ्यात येथे अंडी घालण्यासाठी येतात. रात्री किनाऱ्यावर चढून त्या वाळूत खड्डा करतात आणि एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परततात. १९९० मध्ये तुर्कस्तानने पाताराला विशेष पर्यावरण संरक्षण क्षेत्र घोषित केले. विणीच्या काळात पुळण रात्री माणसांना बंद असते.

१४. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले अंधारात उजळ क्षितिजाकडे धाव घेतात, कारण निसर्गतः ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यावर दिवे असतील तर पिल्ले जमिनीकडे वळतात आणि सकाळच्या उन्हात मरतात. ज्या किनाऱ्यावर नीरोच्या काळात माणसांचे जीव वाचवण्यासाठी दिवा लावला गेला, तिथे आज जीव वाचवण्यासाठी दिवा न लावणे आवश्यक आहे. दोन्ही निर्णय एकाच करुणेतून आले आहेत.

१५. म्हणून ‘येथे सोयी नाहीत’ ही पातारात तक्रार ठरत नाही. प्रत्येक नवे उपाहारगृह आपल्याबरोबर दिवे, वाहने आणि खुर्च्या घेऊन येते; त्यांच्याखाली कधी एखादे घरटे असते, तर कधी अजून न उघडलेली भिंत. ओसाडपणा प्रथम निसर्गाने घडवला, पण आज तो टिकतो तो माणसांच्या संयमामुळे. आणि संयम एका पिढीने सोडला, की दुसरीला तो परत मिळत नाही.

१६. कधी जाणे झाले तर पाणी आणि सावलीची सोय बरोबर न्यावी, कचरा परत आणावा, वाळूतला दगड किंवा खापर खिशात घालू नये, सूर्यास्तापूर्वी माघारी फिरावे. परतताना त्या दलदलीपाशी क्षणभर थांबावे. बोरू वाऱ्याने हलत असतो. तिथे एकेकाळी पाणी होते, आणि त्या पाण्यावर जहाजे.