रुमालाचा हक्क

वणीच्या एसटी स्टँडवर मारेगावची किंवा यवतमाळची गाडी लागली की दरवाज्याआधी खिडक्यांशी गर्दी होते. कुणी रुमाल टाकतो, कुणी दुपट्टा, कुणी पिशवी. कधी चक्क लेकरूच आत सोडले जाते. याला आपण 'जागा धरणे' म्हणतो. रुमाल आणि दस्ती हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. 'रू' म्हणजे चेहरा, 'दस्त' म्हणजे हात. तोंड-हात पुसायच्या या फडक्याला बसण्याच्या हक्काची सनद कुणी दिली, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. ती 30 आसनांची होती. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि पुढे इथली सरकारी बससेवा एसटीत मिसळली. गाव तिथे एसटी पोहोचली, पण आसने मोजकी आणि माणसे जास्त, हे गणित बदलले नाही. अलीकडे 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत आणि महिलांना 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. ज्यांचे बाहेर पडणे पैशांमुळे अडत होते, ते गाडीपर्यंत आले. आता अडते ते आसनापाशी.

रुमालाची रीत एसटीच्याही आधीची असावी. 1890 च्या रेल्वे कायद्यात एक कलम होते. जो डबा आपल्यासाठी राखीव नाही, त्यात दुसऱ्या प्रवाशाला शिरण्यास अडवले तर 20 रुपयांपर्यंत दंड. 1989 च्या नव्या कायद्यातही ते कलम राहिले, दंड 200 रुपयांपर्यंत गेला. म्हणजे 'इथे जागा नाही' म्हणून दार अडवणारे प्रवासी इंग्रजांच्या काळातही होते आणि सरकारला त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. कायदा आरक्षण ओळखतो. रुमालाला ओळखतात ती फक्त माणसे.

आणि माणसे तो का ओळखतात? कारण रुमालामागे एक साधी गरज असते. म्हातारी आई धक्काबुक्कीत चढू शकत नाही, म्हणून मुलगा पुढे पळतो. बायको कडेवर लेकरू घेऊन मागून येते. ही गरज सगळ्यांना कळते, म्हणून बहुतेक जण रुमाल हलवत नाहीत. पण ज्या म्हातारीला पुढे पळणारा मुलगाच नाही, तिचे काय? रुमाल नेहमी सोबत असलेल्यांच्या बाजूने असतो. एकट्याच्या बाजूने कुणी रुमाल टाकत नाही.

याची दुसरी बाजू आपल्या समाजातल्या बायकांना चांगली ठाऊक आहे. शेजारची जागा रिकामी असते. बुरख्यातली बाई विचारते, 'ताई, बसू का?' उत्तर येते, 'इथे येणार आहे कुणीतरी.' गाडी सुटते, दोन थांबे जातात, ते 'कुणीतरी' येत नाही. प्रत्येक वेळी असे होत नाही. शेजारी सरकून जागा देणाऱ्या, लेकरू मांडीवर घेणाऱ्या बायकाही याच गाडीत असतात. पण नकार द्यायला रुमाल सोयीचा पडतो. त्यात भांडण नाही, अपशब्द नाही.

हा प्रश्न मुस्लिमांना मशिदीतूनही परिचयाचा आहे. जुम्याला मुसल्ला अंथरून जागा धरायची आणि आपण निवांत यायचे, ही सवय जुनी आहे. 1328 साली वारलेले दमास्कसचे आलिम इब्ने तैमिया यांनी तिला विरोध केला होता. माणूस आधी यावा, चटई नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हदीसमध्ये जागेबद्दल बारीक विचार सापडतो. बसलेल्याला उठवून त्याच्या जागी बसू नये, त्यापेक्षा सगळ्यांनी सरकून जागा करावी. जो कामासाठी उठून गेला आणि परतला, त्याचा हक्क आधीचा. एकत्र बसलेल्या दोघांच्या मध्ये त्यांच्या परवानगीशिवाय बसू नये. म्हणजे सोबत्याचा मान आहे, उठून गेलेल्याचा हक्क आहे, पण न आलेल्याची मिरास नाही. कुरआनच्या सूरह अल-मुजादलामध्येही (आयत 11) मजलिशीत जागा करून देण्याची शिकवण आहे.

हा वाद गरिबांच्या गाड्यांपुरताच आहे असे समजू नका. अमेरिकेतील साउथवेस्ट या विमान कंपनीने 1971 पासून आसन क्रमांक न देता माणसे बसवली. आधी चढलेला नवरा मागून येणाऱ्या बायकोसाठी शेजारच्या आसनावर जाकीट ठेवी आणि तिथेही कुरबुर होई. जागा धरावी की नाही याचा नियम कंपनीने कधी केला नाही, तो प्रवाशांवर सोडला. शेवटी जानेवारी 2026 मध्ये तिने ही पद्धतच बंद केली. आपल्याकडे 2003 मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनच्या विमानांतही सुरुवातीला जो आधी चढेल त्याची जागा असे. विमानातही लोक एसटीसारखेच पळत.

विमान कंपन्यांना क्रमांक देऊन सुटता आले. मुकुटबनच्या गाडीत ते लगेच होणार नाही. तोवर निवाडा आपल्यालाच करायचा आहे. माझ्या मते एका माणसाने एकच जागा धरावी आणि तीही स्टँडवर हजर असलेल्यासाठी. धरलेला माणूस गाडी सुटेपर्यंत आला नाही तर रुमाल आपल्या हाताने उचलावा. आणि समोर म्हातारे माणूस, पोटुशी बाई किंवा एकटी मुलगी उभी असेल तर ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे न पाहता आधीच उचलावा. फडके आपले आहे, आसन सगळ्यांचे.