टेबलाचं भाडं

परवा मामांचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी हळूच विषय काढला. "तू म्हणे काम करायला कुठेतरी टेबल भाड्याने घेतलंयस? अगं, तीन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, घरात इंटरनेट आहे. पूर्वी नव्हते का सगळे घरूनच काम करत?"

फोनवर मी नुसतं हो-हो केलं. उत्तर लांबलचक होतं, म्हणून इथे लिहितेय. मामा, वाचताय ना? :-)

आधी 'पूर्वी'बद्दल. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांच्या घरात माग घरातच असतो. एक जण मागावर बसतो, कोणी कांड्या भरतं, आणि पदर कुठवर आलाय हे घरातल्या लहान पोरालाही दिसत असतं. म्हणजे काम एकट्याचं नसतं, घराचंच असतं. मागावर बसलेल्या माणसाला "घरीच आहेस ना, मग जरा सिलेंडरवाला आला तर बघ" असं कोणी म्हणत असेल, असं मला वाटत नाही. माझं काम भाषांतराचं. घरच्यांना दिसते ती लॅपटॉपपुढे बसलेली बाई. ती करारनामा भाषांतरित करतेय की मालिका बघतेय, हे मागून सारखंच दिसतं. मग कुरियर, दूधवाला, शेजारच्यांची किल्ली, सगळं माझ्याकडे. कोणाची चूक नाही हो, पण माझं काम घराचं नाही आणि ते घराला दिसतही नाही, अडचण तिथे आहे.

आणि ज्यांचं काम असं न दिसणारं होतं, ते लोक फार पूर्वीपासून घराबाहेर टेबल शोधत आलेत. सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनचं. एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं टॉवर स्ट्रीटवर कॉफी हाऊस होतं. १६८८-८९ च्या हिवाळ्यात 'लंडन गॅझेट'मध्ये चोरीला गेलेल्या घड्याळांची जाहिरात आली आणि माहिती लॉइडच्या कॉफी हाऊसमध्ये कळवा असं त्यात छापलं होतं. त्या दुकानाचा हा सगळ्यात जुना उल्लेख. १६९१ मध्ये दुकान लोम्बार्ड स्ट्रीटवर गेलं.

त्या काळी लंडनमध्ये जहाजाचा विमा कंपनी उतरवत नसे. पैसेवाले व्यापारी स्वतःच्या हिमतीवर जोखमीचा एकेक वाटा उचलायचे आणि कागदावर मजकुराखाली सही करायचे. अंडररायटर हा शब्द त्यावरूनच आला. आता विचार करा, हे सगळे आपापल्या घरी बसले असते तर दलालाला एका जहाजासाठी दहा दारं फिरावं लागलं असतं. कॉफी हाऊसमध्ये तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा की झालं! शिवाय कोणतं जहाज बंदरात लागलं, कोणतं अजून आलं नाही, ही बातमी तिथे आधी कळायची. लॉइडने त्यासाठी बातम्या मिळवायची नीट व्यवस्था लावली, १६९६ मध्ये थोडे दिवस एक बातमीपत्रही काढलं. कॉफी प्यायला आलेली ही मंडळी पुढे इतकी जमली की १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड घालून स्वतःची जागा शोधायचं ठरवलं आणि १७७४ मध्ये ते रॉयल एक्स्चेंजमध्ये गेले. लॉइड स्वतः १७१३ मध्येच वारला होता, पण नाव त्याचंच राहिलं. तिथल्या गणवेशातल्या कर्मचाऱ्यांना अजून 'वेटर' म्हणतात!

फार गोडगोड चित्र रंगवायला नको. तिथे गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांचेही विमे उतरवले जात. त्याबद्दल लॉइड्सने २०२० मध्ये जाहीर माफी मागितली. आणि त्या टेबलांवर व्यवहार करायला बसणारे सगळे पुरुष. बायका कॉफी हाऊस चालवताना दिसायच्या, गिऱ्हाईक म्हणून नाही.

आपल्या मुंबईतही तेच. १८५० च्या दशकात शेअर दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. झाडाला भाडं नाही, पण सौदा करायला समोर माणूस हवा. गर्दी वाढली तशी झाडं बदलली, १८७४ मध्ये मंडळी आजच्या दलाल स्ट्रीटवर आली आणि १८७५ मध्ये संघटना झाली.

गंमत म्हणजे 'ऑफिसला जाऊ नका' ही आधुनिक कल्पनासुद्धा सुरुवातीला 'घरी बसा' अशी नव्हती. १९७३ मध्ये जॅक नाइल्स या अमेरिकन माणसाने 'टेलिकम्युटिंग' हा शब्द आणला. लॉस एंजेलिसच्या एका विमा कंपनीत त्याने प्रयोग केला, त्यात माणसांना घरी नाही, तर घराजवळच्या छोट्या कार्यालयांत बसवलं होतं. ही गोष्ट पुढे सगळे विसरले.

मग येतो ब्रॅड न्यूबर्ग. 'कोवर्किंग' हा शब्द १९९९ मध्ये बर्नी डीकोव्हेनने वापरला होता, पण वेगळ्या अर्थाने. न्यूबर्ग सॅन फ्रान्सिस्कोमधला प्रोग्रॅमर. नोकरीत जीव रमेना आणि एकट्याने काम करायचं तर सोबत नाही. त्याला दोन्ही हवं होतं, स्वतःच्या कामाचं स्वातंत्र्य आणि ऑफिसातली माणसं. ९ ऑगस्ट २००५ ला त्याने 'स्पायरल म्यूज' या स्त्रीवादी गटाच्या जागेत आठवड्यातले दोन दिवस, महिना ३०० डॉलर भाड्याने घेतले. (कॉफी हाऊसमधल्या त्या बायका आठवल्या की नाही?) सकाळी घडीची टेबलं मांडायची, संध्याकाळी आवरायची. पहिला महिनाभर कोणीही फिरकलं नाही! मला हे वाचून त्याच्याबद्दल फार माया वाटली. रोज एकटाच टेबलं उघडून बसलेला माणूस, आणि तेही एकटेपणा घालवण्यासाठी. हळूहळू लोक आले. एकत्र जेवण आणि पावणेसहाला काम बंद, हा नियम. त्याने कल्पनेवर मालकी सांगितली नाही, उलट चोरा म्हणून सांगितलं. वर्षभराने ती जागा बंद झाली, पण तोवर दुसऱ्या सुरू झाल्या होत्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये वीवर्क निघाली, प्रचंड फुगली आणि २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. असो, तो टेबलांपेक्षा पैशांचा खेळ होता. मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी आली आणि जगभरच्या कितीतरी लोकांना जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बघावं लागलं.

आता मामा, तुमचीच एक गोष्ट. वरळीच्या बीडीडी चाळीत तुम्ही वाढलात, १६० चौरस फुटांची खोली. अभ्यासाला तुम्ही अभ्यास गल्लीत जायचात, रस्त्याच्या दिव्याखाली चटई टाकून. खोलीत जागाच नव्हती आणि माझ्याकडे तीन खोल्या आहेत, हे मान्य. पण आई सांगते की सुट्टीत सगळे गावी गेले आणि खोली महिनाभर रिकामी होती, तरी तुम्ही रात्री चटई काखोटीला मारून गल्लीतच जायचात. शेजारचा पोरगा पेंगायला लागला की तुम्ही त्याला हलवायचात आणि तुम्ही पेंगलात की तो तुम्हाला.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक आर्किटेक्ट मुलगी बसते. काल दुपारी तीनला माझी मान खाली गेली, तेव्हा तिने न बोलता चहाचा कप माझ्याकडे सरकवला. पुढच्या खेपेला पुण्यात आलात की या तिकडे, पाहुण्यांना पैसे पडत नाहीत.